थोरल्याची उत्तरपूजा

आमच्या घरात 'थोरला' म्हणजे बाळकृष्ण. हातात लोण्याचा गोळा, गाल फुगलेले, अंगावर सोन्याचा वर्ख नि रंगीत खडे, असा तंजावरी चित्रातला रांगता बाळकृष्ण. वयाने तान्हा, पण घरातल्या सगळ्यांच्या आधी घरात आलेला, म्हणून थोरला. फणसाच्या फळीवर काढलेलं ते चित्र चौकटीसकट तेव्हाच्या माझ्या खांद्यापर्यंत यायचं आणि हलवायचं तर दोन दांडगे बाप्ये लागायचे. आजोबांच्या आजोबांनी तंजावरात मुद्दाम बसून ते करून घेतलं, चित्रकाराला रोज आपल्या पंक्तीला जेवू घातलं, म्हणूनच बाळकृष्ण इतका गुबगुबीत उतरला, अशी घरात कथा होती. तिच्या खरेखोटेपणात मी कधी शिरले नाही. शिरले असते तर आत्याने मला जेवायला वाढलं नसतं.

वाढणं आत्याच्या हातात होतं. आत्या म्हणजे अप्पांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. लग्न होऊन गेली आणि कुंकू पुसून परत आली, तेव्हा ती आजच्या कॉलेजातल्या मुलींपेक्षाही लहान होती. माहेरी तिला कुणी काही बोललं नाही, पण आता हिचं करायचं काय, हा प्रश्न सगळ्यांच्या चेहऱ्यावर असावा. त्याचं उत्तर तिने स्वतःच शोधलं. पहाटे उठून तिने थोरल्याचं सगळं आपल्याकडे घेतलं, ते कायमचं. त्याची फुलं, त्याचा दिवा, त्याचा नैवेद्य. पहिल्या वाफेचा भात केळीच्या पानाच्या तुकड्यावर काढायचा, त्यावर वरण, तुपाचा थेंब, बाजूला डांगर पच्चडी, म्हणजे दह्यात कालवलेलं उडदाचं पीठ, असली तर बोटभर. पान त्याच्यापुढे ठेवून भोवती पाणी फिरवायचं, डोळे मिटायचे आणि थोड्या वेळाने "जेवला" असं जाहीर करायचं. त्याआधी घरात कुणाच्या तोंडात शीत जात नसे. अप्पांची गाडी चुको, मला ताप असो, पाहुणे ताटकळोत. एकदा अप्पांचे साहेब घरी आले होते, त्यांनाही थोरल्याचं जेवण होईपर्यंत नुसत्या कॉफीवर बसावं लागलं.

माझी आई साताऱ्याची. मराठी राजांबरोबर तंजावरला गेलेल्या नि पुढे मद्रासला आलेल्या आमच्या घरात ती कशी पडली, ती वेगळीच कहाणी. ती आली तेव्हा आत्याचं मराठी ऐकून तिला वाटलं, या बाई आपली थट्टा करतायत. आत्या विचारायची, "काय करुलालीस ग?" आणि आई पदर तोंडाला लावून हसायची. "वन्सं, तुम्ही बोलता ते बखरीतून वाचल्यासारखं वाटतं." यावर आत्या शांतपणे म्हणायची, "आम्ही जसं आणलं तसं जपलं. बिघडवलंत तुम्ही तिकडं." तमिळ शब्द तिच्या बोलण्यात मोहरीसारखे तडतडत असत, ते मात्र तिला बिघडणं वाटत नसे. आईची भाकरी आणि आत्याचं सांबार यांच्यावरूनही असंच चाले. सांबार हे मुळात आपल्याच लोकांचं, तमिळांनी ते आपल्याकडून उचललं, हे आत्या शेजारच्या तमिळ मामींनाही तोंडावर सांगे, आणि मामी हसत हसत वाटी पुढे करत. आज मद्रासमध्येच माझ्या सोसायटीत पुण्याहून आलेली आयटीतली पोरं राहतात. ती मला विचारतात, "काकू, तुम्ही मूळच्या कुठल्या?" मी म्हणते, "इथल्याच." त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

मद्रासच्या तिरुवल्लिकेणी भागातलं भाड्याचं घर सुटलं आणि अप्पांना शहराबाहेर आवडी या गावी कारखान्याचे क्वार्टर्स मिळाले, तेव्हापासून थोरल्याची दशा फिरली. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि ओल धरणाऱ्या भिंती. तो स्वयंपाकघराच्या अरुंद, कोपऱ्यातल्या दारातून वळवून आत जाईना, म्हणून पुढच्या खोलीत अप्पांच्या सायकलीशेजारी त्याला टेकवला. आत्या सायकलीच्या हँडलला वळसा घालून नैवेद्य दाखवी. पहिल्याच पावसाळ्यात चौकटीच्या मागे वाळवीची माती दिसली, आणि एका सकाळी चित्राच्या पायथ्याशी वर्खाचा एक पोपडा पडलेला सापडला. अप्पा फार बोलत नसत, पण त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. मग कचेरीत कुणीतरी त्यांना जॉर्ज टाउनमधल्या एका लहानशा म्युझियमबद्दल सांगितलं. एका जुन्या व्यापाऱ्याच्या घरात गावाच्या इतिहासाच्या वस्तू मांडल्या होत्या, आणि तिथे जुनी चित्रं नीट करून ठेवतात म्हणे. आत्या तेव्हा कुंभकोणमला एका लग्नाला गेली होती. अप्पांनी व्हॅन मागवली, दोन मित्र बोलावले आणि थोरल्याला नेऊन दिला. आई म्हणाली, "अहो, वन्सं येईपर्यंत थांबा." अप्पा म्हणाले, "आली की सांगू." आयुष्यातल्या सगळ्या अवघड गोष्टी अप्पांनी 'नंतर सांगू'वर ढकलल्या, आणि त्यातली एकही नंतर सोपी झाली नाही.

आत्या आली, तिने भिंत पाहिली, सायकल पाहिली. ती रडेल, ओरडेल म्हणून आम्ही दबकून उभे होतो. तिने एकच विचारलं, "उत्तरपूजा केलीस?"

गणपती पाण्यात सोडण्याआधी आपण अक्षता वाहतो, 'ऊठ देवा' म्हणतो आणि मूर्ती जागची जराशी हलवतो. तेवढं केलं की देव निघाला, मागे माती उरली. पूजेतली कुठलीही वस्तू घरातून जायची तर आधी हे करायचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. अप्पांनी व्हॅन ठरवली, सुतळ्या आणल्या, चित्राला जुनी चादर गुंडाळली, आणि नेमकं हेच विसरले. म्हणजे त्यांनी चित्र दिलं नव्हतं. त्यांनी देव दिला होता, आणि तो तिथे परक्या घरात रोजच्या वेळेला जेवायची वाट बघत बसला होता. त्या दिवसापासून आत्या ताक आणि केळं यांवर राहिली. आम्हाला वाढी, पण स्वतः पानावर बसेना. "तो जेवला नाही, मी कशी जेवू?" एवढंच म्हणे.

मला तिने आणखी एक सांगितलं. एका दुपारी ती पत्र्याच्या ट्रंकेत आपली लुगडी रचत होती. मी विचारलं, कुठे निघालीस? ती म्हणाली, "कोठें नाही. तयार असावं माणसानं. त्याला जागा नाही म्हणून धाडला. आता त्याचं करणारीचं इथं काय काम? आज ना उद्या तुझ्या अप्पाला कोणी सांगेल, अमक्या ठिकाणी विधवांची नीट सोय करतात म्हणे." 'नीट' हा शब्द तिने अप्पांच्याच सुरात म्हटला. मग माझा हात दाबून म्हणाली, "त्याला सांगू नको, शरि?" तिचं तमिळ 'शरि' म्हणजे 'बरं का'. मी मान हलवली आणि स्वयंपाकघरात जाऊन आईला सगळं सांगितलं. याबद्दल मला तेव्हाही वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. काही गुपितं सांगण्यासाठीच सांगितलेली असतात.

रात्री आईने अप्पांना काय सांगितलं ते मला कळलं नाही. ट्रंकेचं सांगितलं नसावं, कारण अप्पा रोजच्यासारखेच गप्प होते. रविवारी सकाळी तिने जाहीर केलं, "चला, आज सगळे म्युझियम बघायला जाऊ. पोरीला इतिहास कळायला नको?" आत्या म्हणाली, "मज काय करायचंय इतिहासाशी." पण आमच्या आधी तीच तयार झाली. तिच्या कापडी पिशवीत पंचपात्री होती, पळी होती, पुडीत अक्षता नि सुपारी होती, हे गाडीत बसल्यावर ती पिशवी मांडीवर किणकिणली तेव्हा आम्हाला समजलं. अप्पांनी आईकडे पाहिलं. आई खिडकीबाहेर पाहत होती. उतरून आम्ही जॉर्ज टाउनच्या गल्ल्यांतून चालत गेलो. रविवार असल्याने घाऊक बाजार बंद होता, तरी मिरची आणि हिंगाचा वास दारांच्या फटींतून येतच होता.

म्युझियम म्हणजे माझ्या डोळ्यांपुढे राजवाडा होता. निघालं एक लांबुळकं घर, मधे उघडा चौक, आणि खोल्याखोल्यांत काय वाट्टेल ते. ट्रामच्या ड्रायव्हरची पितळी मूठ. बंदरावरचा कंदील. भुसा भरलेला पेलिकन, त्याची एक बाजू उंदरांनी खाल्लेली. धान्य मोजायची मापं, छापखान्याचे तेलुगू खिळे, कुण्या गोऱ्या मडमेची छत्री, तोफेचे गोळे, नाटक कंपनीचा लाकडी मुकुट, आणि एका कपाटात फक्त कुलपं. कशाचा कशाला मेळ नव्हता आणि मला ते भारी आवडलं. मोठी होऊन मी चांगली चांगली म्युझियमं पाहिली, थंडगार, शिस्तीची. तिथे मला दोन खोल्यांतच पाय दुखायला लागतात. इथे आत्यासुद्धा रंगली. अडकित्ते, पावशी म्हणजे विळी, शेवया करायचा लाकडी साचा हे काचेआड पाहून ती थबकली. "हे तर आपल्या माळ्यावर आहे की ग. याला काच कशाला लावली यांनी?" आणि कित्येक दिवसांनी ती हसली. आईने माझा हात दाबला.

शेवटच्या खोलीत थोरला होता.

मला तो ओळखूच आला नाही. त्याची चौकट नवी झाली होती, वर्ख पुसून उजळला होता, वरून दिव्याचा उजेड पडत होता. इतका गोरा, इतका हसरा तो आमच्या सायकलीशेजारी कधीच दिसला नव्हता. अप्पा उजळून म्हणाले, "अक्का, बघ, किती छान ठेवलाय!" आत्या पिशवीत हात घालत म्हणाली, "छान ठेवलाय. पण उपाशी ठेवलाय." आणि तिथेच फरशीवर फतकल मारून तिने पंचपात्री काढली.

म्युझियम सांभाळणाऱ्या कमलम टीचर धावत आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, उंच, चष्मा साखळीला लावलेला, आणि आवाज अजून वर्गातलाच. "अम्मा, इथे पाणी आणायचं नाही! दिवा लावायचा नाही!" अप्पा तमिळमध्ये माफी मागायला लागले, आत्याला उठवायला वाकले. आत्याने त्यांना हाताने थांबवलं आणि टीचरना स्वच्छ तमिळमध्ये सांगितलं, "दिवा नको. मी पूजा करायला आले नाही. याला घेऊन जायला आले. चित्र तुमचंच राहू दे. फक्त याला काढून घेते."

टीचरनी चष्मा डोळ्यांवर चढवला. देवळाची डागडुजी करताना देवाला आधी कलशात काढून ठेवतात, हे त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी अप्पांकडे वळून विचारलं, "म्हणजे तुम्ही न काढताच आणून दिलंत?" शाळेत गृहपाठ विसरलेल्या मुलाला विचारतात, अगदी तसं. अप्पांनी मान खाली घातली. टीचर म्हणाल्या, "तरीच. लोक या काचेसमोर नाणी टाकतात, परवा एकाने कापूर लावला. मी म्हणतेय, या एकाच चित्राला काय झालंय." त्यांनी खोलीचं दार लोटून घेतलं.

पूजा साधी होती. आत्याने मूठभर तांदळांवर सुपारी ठेवली, चित्र सोडून थोरल्याने त्या सुपारीत येऊन राहावं म्हणून. आई हळूच म्हणाली, भटजींना विचारायला हवं होतं. आत्या म्हणाली, "इतकी वर्षं जेवू मी घातलं, उठवायला परका कशाला?" सगळं होत आलं आणि मग अडलं. चित्र जरासं हलवायचं होतं, आणि चित्र तर भिंतीला स्क्रूने पक्कं केलेलं. टीचर स्क्रूड्रायव्हर घेऊन आल्या. अप्पा कारखान्यात होते खरे, पण हिशेब खात्यात. त्यांनी स्क्रू आणखी घट्ट केला. शेवटी टीचरनीच स्टुलावर चढून वरची पट्टी सैल केली. "तांदळाएवढंच हलवा," त्या म्हणाल्या, "जास्त नको."

आत्याने चौकटीला हात लावला, पण तिला ती ढकलवेना. चौकातून कबुतरांचं घुमणं ऐकू येत होतं. मग ती त्या चित्राशी बोलली, स्वयंपाकघरात एकटी असताना बोलायची तशी, जणू आम्ही तिथे नव्हतोच. "ऊठ रे बाळा. तुझं इथलं झालं. तुझं चित्र इथं नीट राहील. तुज मी सोबत नेते, पण मज कोण नेईल, कोठें नेईल, ते ठाऊक नाही. तोवर माझ्याजवळ राहा."

अप्पा आधी काही समजले नाहीत. मग समजले. त्यांनी आईकडे पाहिलं, आईने पापण्यांनीच हो म्हटलं. अप्पा आमच्याशी बोलताना जपून, आईच्या वळणाचं मराठी बोलत. त्या दिवशी त्यांच्या तोंडून त्यांच्या लहानपणाची भाषा निघाली. "अक्का! तुज मी कोठें धाडीन काय ग?"

आत्याने मान वळवली नाही. "थोरल्याला तरी धाडशील असं कोठें वाटलं होतं मज?"

असं काही निघालं की अप्पा एरवी चष्मा पुसत, बाहेर जात, वर्तमानपत्र उघडत. त्या दिवशी ते खाली बसले आणि म्युझियमच्या फरशीवर, टीचर बघत असताना, त्यांनी आत्याच्या पायांवर डोकं ठेवलं आणि उचललंच नाही. त्यांचे खांदे हलायला लागले. माझे अप्पा रडतात हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. मला भीती वाटली, आणि त्यांच्याबद्दल इतकी माया वाटली की मी जाऊन त्यांच्या पाठीला चिकटले. आत्या एका हाताने चौकट धरून उभी होती. दुसरा हात तिने अप्पांच्या डोक्यावर ठेवला, केसांतून फिरवला, आणि पहिल्या हाताने चौकट हलकेच ढकलली. लाकूड कुरकुरलं. "झालं," ती म्हणाली. टीचर स्टुलावरून उतरल्या आणि नाक पुसत कुलपांच्या कपाटाकडे निघून गेल्या.

तिथे आता मेट्रोने जाता येतं. मी अधूनमधून जाते. उजेड बदललाय, पेलिकन गेला, त्याचं मला वाईट वाटतं. बाळकृष्ण तसाच गुबगुबीत आहे. मी त्याच्यापुढे हात जोडत नाही. तो आता नुसता सुंदर आहे, आणि सुंदर असणं हेही काही थोडं नाही.

त्या दिवशी परतीच्या गाडीत सुपारी आत्याच्या मुठीत होती. खांद्याएवढा थोरला मुठीत मावला म्हणून मला हसू येत होतं आणि हसावं की नाही ते कळत नव्हतं. आवडीला पोहोचेतो दिवेलागण झाली. सकाळच्या इडल्यांनंतर वाटेत खाल्लेल्या शेंगदाण्यांवर आत्या सोडून आम्ही सगळे होतो. आईने भात टाकला, आत्याने स्वयंपाकघरातली वरची फळी पुसली, वाटीत तांदूळ घेऊन त्यावर सुपारी बसवली. आता त्याला दार अडत नव्हतं, तो थेट चुलीशेजारी आला होता. अप्पा पाटावर भिंतीला टेकून बसले होते, डोळे सुजलेले, चेहरा उतरलेला. भाताची पहिली वाफ निघाली. आत्याने पानाचा तुकडा घेतला, त्यावर भात घातला, वरण घातलं, तूप घातलं. सवयीने फळीकडे वळली. आणि मग मागे फिरून तिने ते पान अप्पांच्या पुढ्यात ठेवलं.

आई चमकली. अप्पा दचकून म्हणाले, "अक्का, अजून त्याचा नैवेद्य..."

"तू जेव आधी," आत्या म्हणाली. "तो थांबेल. आता कोणी कोठें जात नाही."